साडूचा स्विंग

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. मी माझ्या साडूला एक शब्दही खोटा सांगितला नाही. जे सांगितलं ते सगळं मी स्वतः घाम गाळून मिळवलेलं होतं आणि मला त्याचा गुण आला होता. त्याला आला नाही, तर त्यात माझा काय दोष?

बायको म्हणते, दोष सगळा तुमचाच. पण तिला धाकट्या बहिणीचा पुळका, आणि बहिणीपायी बहिणीच्या नवऱ्याचाही. तिचं सोडा. तुम्ही ऐका आणि तुम्हीच सांगा.

माझं चष्म्याचं दुकान आहे. माझ्या सासऱ्यांचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड, आत कापसाचे ढीग, फोमच्या लाद्या, घरघरणारी शिलाई मशिनं आणि दाभण घेऊन बसलेले कारागीर. मागे फरशीचं अंगण. त्या अंगणात सासऱ्यांनी एक डागाळलेली डबल गादी लोखंडी दांडीवर उभी टांगली आहे. तिच्या मधोमध लाल कापडाचा गोल त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलाय, आणि रोज संध्याकाळी गालिच्याच्या तुकड्यावर उभं राहून ते त्या गोलावर गोल्फचे चेंडू मारतात. कधीकाळी एका हॉटेलच्या गाद्या करून दिल्या होत्या. तिथल्या मॅनेजरने हौसेने त्यांना एकदा मैदानावर नेलं, आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलं ते बसलंच. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर, बाकीच्या दिवशी या गादीसमोर.

सासरे कमी बोलणारे. घरात तर विचारू नका. जेवताना मिठाकडे नुसतं बघतात, सासूबाई मीठ पुढे सरकवतात. बोलतात ते फक्त मैदानावर, चालता चालता. वारा कुठून येतोय, यंदा काथ्या कसा आखूड येतोय, त्यांच्या वडिलांनी त्यांना दाभण कसं धरायला शिकवलं, असं काहीबाही. दरवर्षी मैदानावर घरच्या जोड्यांची स्पर्धा असते. एका घरातली दोन माणसं, दोघांत एक चेंडू, आळीपाळीने मारायचा. माझं लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या जोडीला मी. सबंध सकाळ हा माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून चालतो आणि माझ्याशी बोलतो. मला ती सकाळ हवी असते. कप गेला खड्ड्यात. माझ्या घरी वडील होते, पण ते माझ्याशी बोलले ते एकतर निकालाच्या दिवशी किंवा मी काही फोडल्यावर. म्हणून मला त्या जागेची किंमत होती, आणि ती जागा माझी होती.

आणि ती काही मला फुकट मिळाली नव्हती. लग्न ठरलं तेव्हा मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांसमोर हसं व्हायला नको म्हणून मी गुपचूप दुसऱ्या गावच्या मैदानावर जाऊन शिकलो, शिक्षक लावला, व्हिडिओ पाहिले. पहिल्यांदा सासऱ्यांसमोर स्टिक हातात घेतली तेव्हा मी तयार होऊनच गेलो होतो. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला तर येतंय की." मला कोण आनंद झाला होता.

फक्त एक दुखणं राहिलं होतं. माझा चेंडू उजवीकडे पळायचा. निघायचा सरळ, आणि अर्ध्या वाटेत काय आठवायचं देव जाणे, उजवीकडे वळून झाडीत. या एका दुखण्यासाठी मी किती ड्रिल केली असतील, मोजदाद नाही. चेंडूच्या पलीकडे बुटाचा रिकामा खोका ठेवायचा आणि खोक्याला न लागता मारायचं, म्हणजे स्टिक आतून येते. उजवा पाय मागे घेऊन मारायचं. डावी मूठ स्टिकवर अशी चढवून धरायची की बोटांची हाडं नीट दिसली पाहिजेत. आणि मारताना मनगटं वळवायची, कुलपात किल्ली फिरवल्यासारखी. दुकानाचं शटर अर्धं ओढून, डोळे तपासायच्या तक्त्यासमोर मी हे करत असे आणि बायको खोका धरून बसे. एकदा स्टिक तिच्या पायाच्या अंगठ्याला निसटती लागली तेव्हा म्हणाली, "तुमचा चेंडू सरळ होईपर्यंत मी लंगडी होणार." पण झाला चेंडू सरळ. दोन वर्षं खपून मी तो सरळ केला.

आणि मग हा आला.

मेव्हणीने लग्न केलं ते परस्पर. नोंदणी करून, हार घालून, आठवड्याने घरी येऊन सांगितलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. सासरे एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढेही त्याच्याशी बोलले नाहीत. तो घरी आला की मुलीला म्हणायचे, "त्याला वाढ." तो समोर बसलेला असताना. कुणाशी बोलताना त्याचा विषय निघालाच तर "तो लिफ्टवाला." मी त्याची बाजू घेत होतो तेव्हा, हे लक्षात ठेवा. मीच सासऱ्यांना म्हणालो होतो की बाबा, पोरगा सरळ आहे, जाऊ द्या आता. माणूस तळाशी असला की त्याच्याशी चांगलं वागायला काही लागत नाही.

एका संध्याकाळी मेव्हणी त्याला घेऊन कारखान्यात आली. मी आणि सासरे अंगणात चेंडू मारत होतो. हा दांडगा, गालात हसणारा, नखांत ग्रीस. सासऱ्यांनी पाठ फिरवली. मला त्याची दया आली, म्हणून मी माझी स्टिक त्याच्यापुढे केली. म्हटलं, "घे, मारून बघ." हो, मीच. माझ्याच हाताने.

त्याने कधी गोल्फची स्टिक धरलेली नव्हती. विळा धरावा तशी धरली, कुणीही सांगितलं नसताना खांदे असे वळवले की मी बघतच राहिलो, आणि घाईगडबड काही न करता मारला. चेंडू लाल गोलाच्या मधोमध. गादीतून धप्प असा जो आवाज आला तो माझ्या चेंडूतून कधी आला नव्हता.

सासरे वळले. खूप वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परत मार."

लग्नाला वर्ष व्हायला आलं होतं, आणि हे त्यांचे त्याच्याशी बोललेले पहिले शब्द. मेव्हणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना फोन गेला. सगळ्यांना आनंद झाला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खरं ते सांगतो. मला दोन वर्षं लागली, आणि या गृहस्थाने लिफ्टचं बटण दाबावं तसा चेंडू मारला.

मग तो रविवारी मैदानावर यायला लागला. आमच्या गाडीत, मागच्या सीटवर. त्याचा चेंडू सरळ जायचा आणि शेवटी जरासा डावीकडे झुकून अलगद बसायचा. ते तेवढंसं वळण मिळवायला लोक जन्म घालवतात. सासरे काही म्हणायचे नाहीत, पण त्याचा चेंडू खाली बसेपर्यंत मान वर करून बघत राहायचे. माझा चेंडू निघाला की ते पुढे चालायला लागायचे. माझ्या चेंडूचं काय होणार ते त्यांना माहीत असायचं.

एकदा परत येताना, मी गाडी चालवत असताना, सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंदा जोडीचं काय करायचं ते बघू."

बघू म्हणजे काय बघू? इतकी वर्षं कुणी काही बघितलं नव्हतं. मी आरशात मागे पाहिलं. हा पठ्ठ्या तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याला कशाचा पत्ता नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निदान त्याने जागं राहून ऐकायचं तरी.

त्या आठवड्यात तो दुकानात आला. कामाचा पट्टा कमरेला, हातात दोन कप चहा.

"दादा," म्हणाला, "हिचे वडील सांगतात, पाया पक्का कर, नाहीतर हे फार दिवस टिकणार नाही. मला पाया म्हणजे काय तेच माहीत नाही. त्यांना विचारायची हिंमत होत नाही. आत्ता कुठे बोलायला लागलेत. तुम्ही रीतसर शिकलाय. मला थोडं सांगाल का?"

आता बघा. माझ्या दुकानात कुणी येऊन म्हणालं, की तुमच्याच नंबरचा चष्मा मलाही करून द्या, तर मी त्याला वेड्यात काढीन. ज्याचा त्याचा डोळा, ज्याचा त्याचा नंबर. ड्रिलचंही तसंच असतं, प्रत्येक ड्रिल म्हणजे एका दुखण्याचं औषध. ज्याचा चेंडू उजवीकडे पळतो त्याला ते डावीकडे आणतं. ज्याचा आधीच डावीकडे झुकतो त्याला ते कुठे नेईल, हे गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही कळतं. फक्त नवख्याला कळत नाही.

मी त्याला माझी ड्रिल दिली. सगळी. खोका कुठे ठेवायचा, उजवा पाय किती मागे घ्यायचा, मूठ कशी चढवायची, मनगटं कशी फिरवायची. करून दाखवलं. एकही चुकीचं सांगितलं नाही, बारीकसारीक काही लपवलं नाही. तुझा चेंडू कुठे झुकतो रे, एवढंच विचारलं नाही. ते मला माहीत होतं ना, मग विचारू कशाला? वर बुटाचा खोकाही मीच दिला. तो इतक्या वेळा "थँक्यू दादा" म्हणाला की मला त्याचाही राग आला.

पोरगा आज्ञाधारक. जिथे लिफ्ट दुरुस्त करायला जाईल तिथे गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, खोका ठेवून घुमवत बसायचा. पुढच्या रविवारी मैदानावर त्याने पहिला चेंडू मारला तो डावीकडे. दुसरा आणखी डावीकडे. तिसरा गेला थेट ओढ्यात. सासऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हा घाबरला आणि घाबरून मनगटं जास्तच फिरवायला लागला, कारण दादांनी सांगितलं होतं ना, मनगटं फिरवली की सरळ जातो.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वरून मी चेहरा लांब केला होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होतो, "होतं असं सुरुवातीला. सराव वाढव." त्याने वाढवला, आणि चेंडू आणखी बिघडला. पुढच्या रविवारी तर शेजारच्या होलवर खेळणाऱ्या बायका आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या.

परत येताना सासरे गाडीत म्हणाले, "जावईबापू, जोडीला तुम्हीच."

मी त्या दिवशी बायकोला बाहेर जेवायला नेलं. तिने कारण विचारलं तर म्हटलं, सहज. पण ती काही कालची नाही. दोन दिवसांनी बहिणीकडे जाऊन आली आणि पर्स टेबलावर आपटली.

"तिच्याकडे बैठकीच्या खोलीत बुटाचा खोका ठेवलाय," म्हणाली. "आणि तो उजवा पाय मागे घेऊन उभा राहतो. अगदी तुमच्यासारखा. मला वाटलं तुम्हीच उभे आहात."

"मग? त्याने मागितलं, मी दिलं."

"त्याचा चेंडू उजवीकडे जायचा का?"

मी पेपर उघडला.

"खोका मी धरलाय, अहो. कशासाठी धरतात ते मला माहितीये. तुमचा नंबर त्याच्या डोळ्यावर चढवलात तुम्ही."

"तो काय कुकुलं बाळ आहे? त्याला अक्कल नाही?"

"त्याला विश्वास आहे," ती म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मी म्हटलं, असो. स्पर्धा झाली की सांगीन त्याला, की बाबा रे, आता खोका फेकून दे. खरंच सांगणार होतो. जोडी पक्की झाल्यावर त्याचं वाईट करण्यात मला काय मिळणार होतं? माझं फक्त एवढंच म्हणणं होतं, की माझ्या जागेवर येऊ नको.

स्पर्धेला आठवडा उरला होता. कुठला चेंडू कुणी मारायचा हे दरवर्षी मी आणि सासरे अंगणात चहा घेत ठरवतो. म्हणून दुकान नोकरावर सोडून मी कारखान्यात गेलो. शेड ओलांडताना मागून आवाज आला. सासरे ओरडत होते. सासरे आणि ओरडणं? मी घाईने पुढे झालो.

"अरे गाढवा, मनगट कुणी फिरवायला सांगितलं तुला? पोत्यातून कापूस काढतोस का?"

आणि मग ते हसले. मी त्यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मी गाद्यांच्या एका थप्पीआड थांबलो.

साडू गालिच्यावर दोन्ही पाय जुळवून उभा होता. त्याच्या मागे, त्याला अगदी चिकटून, सासरे. त्यांचे दोन्ही हात याच्या हातांवर. एका स्टिकवर चार हात. चेंडू नव्हताच. दोघं मिळून नुसती स्टिक मागे नेत होते, थांबत होते, हळूच खाली आणत होते. झोपाळा हलावा तितकं सावकाश. सासऱ्यांची हनुवटी त्याच्या खांद्यापाशी होती आणि ते त्याच्या कानात बोलत होते. "हं, आता थांब. घाई कुठे आहे? माझे वडील मला दाभण धरायला असंच शिकवायचे. हात माझा, जोर त्यांचा. सोड, सैल सोड."

हे ते मला फक्त सांगत आले होते. मैदानावर, चालता चालता. करून कधी दाखवलं नव्हतं. कशाला दाखवतील? मी शिकून आलो होतो ना.

मला ते दिसलं आणि मी थप्पीला टेकलो. सांगायला लाज वाटते, पण मला रडू आलं असतं. तो चांगला खेळत होता तेव्हा सासरे त्याला नुसते लांबून बघत होते. मी त्याला बिघडवला, आणि बिघडलेला म्हणून तो त्यांच्या हातात गेला. रोज संध्याकाळी येतोय म्हणे. कारागिरांनीच मला सांगितलं. आठवडाभर सुरू होतं हे.

मी खाकरून पुढे झालो. सासरे बाजूला सरले, जरा ओशाळले.

"या, जावईबापू. बघा हो, कुणीतरी काहीतरी भरवून ठेवलंय याच्या डोक्यात. खोका काय, मूठ काय. चांगला हात नासवला. कुणी सांगितलं म्हणून विचारतोय, तर सांगत नाही."

साडूने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्या एका नजरेत मला ते स्पष्ट दिसलं. मला वाटलं, आता हा तोंड उघडणार आणि माझी शोभा होणार.

"माझंच चुकलं बाबा," तो म्हणाला. "कुठेतरी व्हिडिओत बघितलं आणि करत बसलो."

त्याने मला वाचवलं. माणसाने अशा वेळी उपकार मानावेत. मला मात्र त्याची मान धरावीशी वाटली. लाथ मारली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला परत चार देऊन मोकळा झालो असतो. याने मला तेवढीही जागा ठेवली नाही. आणि "बाबा" कधीपासून म्हणायला लागला हा?

स्पर्धेच्या दिवशी ऊन छान होतं. मी आयुष्यात खेळलो नाही इतका चांगला खेळलो. चेंडू एकदाही उजवीकडे गेला नाही. सातव्या होलवर मी मारलेला चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबला, लांब उभ्या असलेल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासरे म्हणाले, "छान." आणि चार पावलं चालून म्हणाले, "एकट्या डाव्या हाताने मारायचा सराव दिलाय त्याला. करत असेल ना घरी? की टंगळमंगळ करत असेल?"

"करत असेल," मी म्हटलं.

"त्याच्या मनगटात गंमत आहे हो. ती परत यायला पाहिजे."

मग ते बोलतच राहिले. मी इतकी वर्षं ज्या सकाळसाठी जीव टाकत होतो ती सबंध सकाळ सासरे माझ्या खांद्याला खांदा लावून चालले आणि भरभरून बोलले. त्याच्याबद्दल. आम्ही दुसरे आलो. दुसऱ्या क्रमांकाचा कप त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुम्हीच ठेवा, दुकानात शोभेल." कप काउंटरवर आहे. गिऱ्हाईकं त्यात पेन ठेवतात.

त्यानंतर मी काय केलं ते बायकोलाही माहीत नाही.

मी विचार केला, बिघडलेल्या माणसाला सासरे हातात घेतात, तर आपणही बिघडू. त्यात काय अवघड आहे? एका संध्याकाळी मी अंगणात गेलो. साडू होता, सासरे खुर्चीत होते, कारागीर चहाला बाहेर आले होते. मी गालिच्यावर उभा राहिलो, मूठ जुन्यासारखी ढिली धरली आणि स्टिक बाहेरून आणून असा मारला की चेंडू गादी सोडून उजवीकडच्या पत्र्याच्या पिंपावर ठणकन आदळला. कारागीर हसले. दुसरा मारला, तोही पिंपावर. तिसरा भिंतीवरून पलीकडे.

"जावईबापू, आज दमलेले दिसता," सासरे म्हणाले. "बसा, चहा घ्या."

"दमलो नाही, बाबा. काहीतरी बिघडलंय. पुन्हा उजवीकडे जायला लागलाय." माझा आवाज मलाच कसातरी वाटला. "तुम्ही जरा बघाल का? हात धरून?"

मी असं कधी काही मागितलं नव्हतं. सासरे गोंधळले. खुर्चीतून अर्धे उठले, परत बसले.

"मी काय सांगणार तुम्हाला?" ते म्हणाले. खरंच संकोचले होते, टाळत नव्हते. "तुम्ही शिक्षकाकडे जाऊन रीतसर शिकलेले. मी आपला गादीवाला. तुमच्या हाताला हात लावायचा म्हणजे..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे ए, तू बघ रे. तुझंही बिघडलं होतं ना? तुला कळेल. जा, दाखव त्यांना."

साडू पुढे आला. मला वाटलं, आता तरी हा नाही म्हणेल. त्याला माहीत होतं मी त्याचं काय केलं ते. तो हात पुसत पुसत आला, माझ्या मागे उभा राहिला आणि त्याने माझ्या हातांवर हात ठेवले. ग्रीसचा वास आला.

"दादा, सैल सोडा," तो म्हणाला. अगदी प्रेमाने. "घाई कुठे आहे?"

आम्ही स्टिक मागे नेली, थांबलो, खाली आणली. एकदा, दोनदा. मग त्याने चेंडू ठेवला आणि बाजूला झाला. पुन्हा पिंपावर मारायचं मनात होतं, पण हातांनी ऐकलं नाही. चेंडू लाल गोलात बसला. धप्प.

सासरे खुर्चीतून उठून आले. माझ्या बाजूने आले, मला ओलांडून गेले, आणि त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला.

"वा रे पोरा," म्हणाले. "शिकवायलाही जमतंय तुला. रोज यांना थोडा वेळ देत जा." मग माझ्याकडे वळून, "चालेल ना, जावईबापू? मी बसलेला असतोच इथे."

मी चालेल म्हणालो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी शटर लवकर ओढतो आणि सरळ मारता येणारा चेंडू उजवीकडे घालवायला गाद्यांच्या कारखान्यात जातो.